हात आणि बुद्धी यांची फारकत

शाळेचे वार्षिक प्रदर्शन जवळ आले की शहरांतील स्टेशनरीच्या दुकानांत गर्दी उसळते. ही गर्दी मुलांची नसते, पालकांची असते. रंगीत कागद, टिकल्या आणि आयत्या कापलेल्या आकृत्या घेऊन परतलेले आईबाप रात्री जागून बालवर्गातल्या मुलाचा ‘प्रकल्प’ पुरा करतात. सकाळी मूल तो जपून शाळेत नेते आणि त्याला शाबासकी मिळते. ज्या घरात अशा खरेदीला पैसे नाहीत, तेथील मूल ‘साहित्य आणले नाही’ म्हणून मान खाली घालून बसते. दिवाळीतल्या किल्ल्याचीही तीच गत झाली आहे. गल्लीतल्या पोरांनी दगडमाती गोळा करून, चिखलात हात बरबटवून उभारायचा किल्ला आता बाजारात आयता मिळतो. मुलांच्या हातांना बेकार करण्याचा हा उद्योग हस्तकलेच्याच नावाने चालावा, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

महागाई, बेरोजगारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न उभे असताना कागद-कात्रीवर अग्रलेख कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्याचे उत्तर असे की, हाताने राबणारा हलका आणि डोक्याने काम करणारा श्रेष्ठ, हा आपल्या समाजातील विषमतेचा पाया आहे आणि त्याची पहिली वीट वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच बसते. कुंभाराचे, सुताराचे, बुरुडाचे मूल शाळेत येते तेव्हा घरातले ज्ञान त्याच्या बोटांत उतरू लागलेले असते. शाळा त्याला पहिला धडा देते तो हा की, या ज्ञानाला येथे किंमत नाही. सुखवस्तू घरातले मूलही त्याच वेळी दुसरा धडा शिकते : हात मळवणे हे आपले काम नव्हे.

वस्तुतः लहान मूल हातांनीच विचार करते. पोळ्यासाठी बैल करताना मातीत पाणी जास्त झाले तर बैल बसकण मारतो, कमी झाले तर त्याला तडे जातात. हे ज्याने स्वतः अनुभवले त्याला प्रमाण म्हणजे काय, हे व्याख्येवाचून कळते. कागदाची घडी घालताना अर्धा आणि पाव हाती लागतात. चिंचोक्यांचे ढीग लावताना संख्या डोळ्यांना दिसते. मणी ओवणारी, कागद फाडून चिकटवणारी बोटे पुढे पेन्सिल सहज धरतात. ती तयार होण्याआधीच ज्याला अक्षरे गिरवायला बसवले, त्याच्या वाट्याला लिहिण्याची धास्ती तेवढी येते. ज्वारीच्या धाटांची मोडलेली गाडी पुन्हा जोडणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट समजते : बिघडलेले नीट करता येते आणि ते आपल्याला करता येते. नागरिकत्वाचे याहून चांगले शिक्षण कोणते?

महाराष्ट्राला हे नवे नाही. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक शहरी बालमंदिरांवर समाधान मानून थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, आदिवासींच्या वस्तीत गेले. माँटेसरीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. शंखशिंपले, बिया, पाने, काड्या, माती हीच साधने झाली. मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. साधने स्वस्त होती म्हणून शिक्षण हलके ठरले नाही.

तथापि श्रमाच्या गौरवाची भाषा बोलताना आपण सावध असले पाहिजे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, ही मोठीच गोष्ट होती. परंतु १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी सरकारने आणलेल्या योजनेत मुलांनी अर्धा दिवस शाळेत काढायचा आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकायचा, असे होते. जातीचा धंदा कायम करणारी ही योजना आहे, असे म्हणून द्रविड चळवळीने तिच्यावर टीकेची झोड उठवली आणि १९५४ मध्ये कामराज सरकारने ती मागे घेतली. आपल्याकडे २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीनेही घरच्या उद्योगात शाळेनंतर ‘मदत’ करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. म्हणून रेषा स्पष्ट आखली पाहिजे. जेथे मुलाला वस्तू बिघडवण्याचा, अर्धवट टाकण्याचा, पुन्हा करण्याचा हक्क आहे, तेथे शिक्षण आहे. जेथे नग मोजले जातात, तेथे शोषण आहे. माती सर्वांच्या हाती आली पाहिजे आणि पुस्तकही सर्वांच्या हाती आले पाहिजे. यांतील एकच अर्धे कोणाच्या वाट्याला येता कामा नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला पायाभूत टप्पा मानले आणि २०२३ मध्ये केंद्राने या मुलांसाठी खेळण्यांची व साधनांची ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी प्रसिद्ध केली. हेतूविषयी तक्रार नाही. पण पेटी उघडणार कोण? १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीची सेविका आहार वाटते, वजने घेते, नोंदवह्या आणि मोबाइलवरील माहिती भरते, सर्वेक्षणे करते आणि एवढे करूनही तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले. जिच्या हातांचे मोल शासनाला कळत नाही, तिने मुलांना हातांचे मोल शिकवावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

घरांनाही काही करता येईल. शिफ्टवरून थकून आलेल्या आईवर नवे ओझे टाकावे, असे आम्ही म्हणणार नाही. मुलाला मटार सोलू द्यावेत, कणकेचा एक गोळा द्यावा, त्याची वाकडी पोळी हसून खावी. यासाठी पैसा लागत नाही. आणि बापानेही त्या वेळी स्वयंपाकघरात असावे.

आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात रोज एक तास हाताच्या कामाचा असावा. त्याचे साहित्य परिसरातून किंवा शाळेच्या खर्चाने यावे, पालकांच्या खिशातून नव्हे. त्याला गुण नसावेत, प्रदर्शनाची सक्ती नसावी. गावातील कुंभार, बुरूड, शिवणकाम करणारी बाई यांना सन्मानाने आणि मोबदला देऊन वर्गात बोलवावे. सेविकेला वेतन, आणि मुलांसाठी मोकळा वेळ मिळावा. शाळा व्यवस्थापन समित्यांत आपले कितीतरी कार्यकर्ते आहेत. येत्या बैठकीत बांधकामाच्या बिलांबरोबर हाही विषय त्यांनी मांडावा. समतेची भाषणे मुले मोठेपणी ऐकतील. कुंभाराचे पोर आणि वकिलाचे पोर एकाच मातीत हात घालून बसले, तर त्या भाषणांचा अर्थ त्यांना आधीच कळलेला असेल.