विश्लेषण : डेटा स्वस्त झाला, मग सार्वजनिक वायफाय कशाला?

अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, ‘लाडकी बहीण’चे ई-केवायसी ऑनलाइन. सरकारी कामे मोबाइलवर गेली. त्यासाठी लागणाऱ्या इंटरनेटचा खर्च मात्र नागरिकाच्याच खिशातून. दिंडोशीसारख्या भागात हा प्रश्न ठळकपणे दिसतो.

मुंबईत आतापर्यंत काय झाले?

रेलटेल आणि गुगलने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात मोफत वायफाय सुरू केले. वर्षभराने, जानेवारी २०१७ मध्ये, राज्य सरकारची मुंबई वायफाय योजना ५०० ठिकाणी सुरू झाली; १ मे २०१७ पर्यंत १,२०० ठिकाणांचे लक्ष्य होते. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने स्थानकांच्या उपक्रमातून माघार जाहीर केली. कारण दिले ते स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाचे.

हा युक्तिवाद कुठे अपुरा पडतो?

स्वस्त झाला तो एक जीबी. रिचार्ज मात्र प्रत्येक नंबराला वेगळा आणि बहुतेकदा २८ दिवसांचाच. घरात तीन फोन असतील तर तीन रिचार्ज. हात आखडता घ्यायची वेळ आली की आधी थांबतो तो मुलांच्या किंवा गृहिणीच्या फोनचा.

जागा का महत्त्वाची?

दिंडोशीत एका बाजूला द्रुतगती महामार्ग आणि मेट्रो स्थानक, तर दुसरीकडे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने चढत गेलेल्या कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाड्याच्या वस्त्या. वायफायचा सिग्नल काही दशक मीटरच नीट पोहोचतो आणि पत्र्याच्या भिंती तो अडवतात. रस्त्यावरचा हॉटस्पॉट वाटसरूच्या कामी येतो, टेकडीवरच्या घराच्या नाही. हॉटस्पॉट किती, यापेक्षा ते कुठे, हा प्रश्न म्हणूनच मोठा आहे.

पीएम-वाणी म्हणजे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या या योजनेत चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवाना न घेता वायफाय विकू शकतो. वस्तीसाठी ही रचना सोयीची आहे. अडचण दराची होती. अशा दुकानदारांकडून महागड्या व्यावसायिक जोडणीचा आग्रह धरला जात असे. अखेर जून २०२५ मध्ये ट्रायने २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीची कमाल मर्यादा घातली. चिंचोळ्या गल्लीतल्या दुकानाला दुप्पट दरही जडच.

मग करायचे काय?

महापालिकेने स्वतः खांब उभारत बसण्याची गरज नाही. पालिकेच्या शाळा, दवाखाने आणि अभ्यासिका वस्तीच्या जवळ आहेत. तिथे संध्याकाळी उशिरापर्यंत वायफाय द्यावे आणि वस्तीतल्या दुकानदाराला जोडणीसाठी अनुदान द्यावे.

तेवढ्याने सगळे सुटणार नाही. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीत महिलेसोबत पती किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवरही ओटीपी येतो. तो फोन दिवसभर कामावर गेलेला असेल, तर नेटवर्क असूनही अर्ज अडतो. म्हणून वायफायसोबत फॉर्म भरायला मदत करणारा माणूस हवा, तोही कामावरून परतल्यानंतरच्या वेळेत.

योजनेचे यश मोजायचे तर उद्घाटन झालेल्या हॉटस्पॉटच्या संख्येवरून नको. वस्तीतले किती अर्ज सायबर कॅफेत पैसे न मोजता पूर्ण झाले, तो आकडा पालिकेने दर महिन्याला प्रभागनिहाय जाहीर करावा. सेवा ऑनलाइनच घ्या, असे सरकार सांगत असेल, तर तिथपर्यंतची वाट बांधून देणे हेही सरकारचेच काम आहे.