रुमाल कोणाचा, नफा कोणाचा?

लढाईत सापडलेल्या लोकांसाठी दूरच्या माणसाला फार थोडे करता येते. तो दुआ करतो, चंदा देतो, गळ्यात एखादा रुमाल घालतो. याला कोणी हसो, आम्ही हसणार नाही. मात्र आम्ही कापडवाले आहोत, म्हणून रुमालाबद्दल दोन शब्द बोलणे आमचे काम आहे.

पॅलेस्टाईनचा रुमाल, म्हणजे कुफिया, मूळ शेतकऱ्यांचा. शहरवाले तुर्की टोपी घालीत. १९३६ ते १९३९ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा डोक्यावरच्या रुमालावरून बंडवाले ओळखू येत. १९३८ साली शहरवाल्यांनाही टोपी उतरवून रुमाल बांधण्याचा हुकूम बंडवाल्यांनी काढला. मग कोण बंडवाला आणि कोण दुकानदार, हे ओळखणे इंग्रजांना जड गेले. म्हणजे त्या कापडाचा संकटातल्या माणसाला उपयोग झाला.

हेब्रॉन, म्हणजे अल-खलील शहरात, हिरबावी घराण्याचा कारखाना १९६१ पासून हा रुमाल विणतो. १९९३ च्या ओस्लो करारानंतर बाजार खुला झाला, चीनचा स्वस्त माल आला आणि कारखाना बंद पडण्याच्या बेतास आला. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना हे दुखणे समजावून सांगायला नको. पुढे परदेशी गिऱ्हाइकांनी अस्सल माल मागितला, म्हणून माग चालू राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटल्यावर मागणी खूप वाढली.

आता आपल्या बाजाराकडे पाहा. छापील नक्कल विकणे गुन्हा आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण ती ‘पॅलेस्टाईनचा माल’ म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि तिकडच्या विणकराच्या पोटावर पाय आहे. पारख सोपी आहे. विणलेल्या रुमालाची नक्षी उलट्या बाजूलाही दिसते, छापील रुमालाची पाठ फिकी असते.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच. जमेल त्याने अस्सल माल मागवावा आणि भावात घासाघीस करू नये. नक्कल ठेवाल तर नक्कल म्हणूनच विका. त्यातल्या नफ्याचा काही हिस्सा मदतीसाठी काढा, खात्रीच्या संस्थेला द्या आणि पावती घ्या. उद्या गिऱ्हाईक विचारील, ‘शेठ, हा रुमाल कुठला?’ तेव्हा मान खाली न घालता उत्तर देता आले पाहिजे.