ऑपरेशनआधीचा अर्धा तास

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढायची घोषणा झाली. पहिल्या वर्षी २००, तीन वर्षांत सगळ्या जिल्ह्यांत. केमोसाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या बायकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पण मैत्रिणींनो, तिथे नुसत्या खाटा आणि सलाईन आले तर काम अर्धंच होईल.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा कशाची? पैशांची, सोबत कोण जाणार याची, भाकरी कोण थापणार याची. हाताचं नाव कुणी काढत नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्या की काहींचा हात सुजतो. दुखेल म्हणून बाई हात अंगाशी धरून बसते. सासू, नणंदही मायेनेच म्हणतात, "हात हलवू नको बरं!" खांदा आखडतो. आणि रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, ते घेताना हात डोक्यावर ठेवून निश्चल पडावं लागतं. हात वर जात नसेल तर उपचारच अडतो. पुढे कपाशी वेचायची, धुणं वाळत घालायचं, ते वेगळंच.

म्हणून शिकायचं ते ऑपरेशनच्या आधी. नंतर वेदनेत, गुंगीत काय डोक्यात शिरणार? फिजिओथेरपिस्टने दोन्ही हातांचं माप टेपने घेऊन लिहून ठेवावं, म्हणजे पुढे सूज आली तर लगेच कळते. मूठ उघडझाप, दीर्घ श्वास, भिंतीवर बोटं चढवणं हे करवून घ्यावं. ऑपरेशननंतर कुठला व्यायाम कधी, हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचं.

कागद हातात दिला की झालं, असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये खांद्याच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायकांचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. काहींना नुसती माहितीपत्रकं दिली, काहींना ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवायला घेतले. वर्षभराने शिकवलेल्यांचे हात जास्त चांगले चालत होते. शिकल्यासवरलेल्या देशात ही गत, तर आपल्याकडे छापील कागद कितीजणी वाचणार?

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे लकवा आणि कंबरदुखी, एवढाच समज. आरोग्य योजनेची धुळ्याला तर पहिल्या टप्प्यातच, २०१२ साली, सुरुवात झाली. ऑपरेशनचा खर्च निघाला, पण हात कोण शिकवणार हे विचारायचं राहिलं. आता नवी केंद्रं उभी राहतायत तेव्हा महिला मंडळांनी, आशाताईंनी सिव्हिल सर्जनना हेच विचारावं: बाई फिजिओथेरपिस्ट आहे का, पडदा असलेली खोली आहे का, आणि शिकवताना घरातली एक बाई सोबत बसू देणार का?