गोठ्यातली मोटार

या सदराचे नेहमीचे वाचक जाणतातच की यंत्रे आणि मी यांचे फारसे सख्य नाही. घरातला मिक्सर बंद पडला की मी त्याच्याकडे आदराने पाहतो आणि शेजाऱ्यांना हाक मारतो. अशा माणसाने ऐन दिवाळी अंकात मोटार बांधण्याविषयी लिहावे हे धाडसच. पण गेले वर्षभर आमच्या घरात दुसरा विषयच नाही, तेव्हा मी तरी कशावर लिहू?

आमचे घर मलकापूरचे. बुलढाण्याकडचे नव्हे, शाहूवाडीचेही नव्हे. कराडला खेटून असलेले साताऱ्यातले मलकापूर. घरामागून आगाशिवाचा डोंगर दिसतो आणि रात्री हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर ऐकू येते. मागच्या अंगणात आमचा गोठा. गाई कधीच गेल्या, आणि त्यांच्या जागी वडिलांची फियाट आली. १९६६ सालची, अकराशे डी. वडील कराडच्या कोर्टात वकिली करीत. त्या काळी मोटार नुसते पैसे मोजून मिळत नसे, नंबर लावून वाट पाहावी लागे. आमचा नंबर लागेपर्यंत माझे दुधाचे दात पडून नवे आले होते. वडिलांच्या मागे ती माझ्या धाकट्या भावाने चालवली. पुढे तिचे सुटे भाग मिळेनात, भावाला वेळ मिळेना, आणि गाडी गोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. मागच्या सीटवर कांदे साठवले जाऊ लागले. एका कोंबडीने तर डिकीत अंडी घालण्याचा परिपाठच ठेवला.

भाऊ पाच वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, कराडलाच इंजिनियरिंग शिकला आणि आता पुण्याला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी, चकलीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "काका, आजोबांची फियाट मला द्या. मी तिची हॉट रॉड करणार."

सौ.ने दचकून पाहिले. 'हॉट रॉड' म्हणजे तापलेली सळई, एवढे इंग्रजी तिला येते. पोराच्या मनात कुणाला डागायचे आहे की काय, असे तिला वाटले असावे.

मग त्याने आम्हांला सगळे समजावून दिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९३०च्या सुमारास पोरे जुन्या स्वस्तातल्या फोर्ड गाड्या घेत, त्यांचे मडगार्ड उतरवीत, वजन कमी करीत, इंजिन वाढवीत आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर भरधाव सोडीत. १९३२ साली फोर्डने सामान्यांना परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन घातले आणि या पोरांचे फावले. दुसरे महायुद्ध संपले, सैन्यात यंत्रकाम शिकलेले तरुण घरी परतले, आणि घरोघरच्या गॅरेजात ही कला फोफावली. १९४८ साली तर 'हॉट रॉड' नावाचे मासिकच निघाले. त्यात सगळ्यांत देखणी समजली जाते ती दोन दारांची, बुटक्या छपराची कुपे.

"कुपे म्हणजे काय रे?" मी विचारले.

"फ्रेंच शब्द आहे, काका. कुपे म्हणजे कापलेली. पूर्वी घोड्याच्या बग्गीचा अर्धा भाग कापून दोघांपुरती गाडी करीत, त्यावरून."

"म्हणजे मामंजींची गाडी तू कापणार?" सौ.ने एवढेच विचारले आणि ती आत गेली. आमच्या घरात एवढे बोलून आत जाणे म्हणजे काय, हे संसारी वाचकांना सांगायला नको.

तरीही मी होकार दिला. कोंबडीपेक्षा पुतण्याचा हक्क मोठा, असा माझा साधा हिशेब.

दर शनिवारी रात्रीच्या गाडीने तो पुण्याहून येऊ लागला. गोठ्याच्या तुळईला साखळीची घोडी टांगून इंजिन वर काढले, तेव्हा मी दोर धरायला होतो. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे ते इंजिन. वडील डोंगरातला घाट चढताना ज्याला 'चल राजा' म्हणत, ते एवढेसे असेल असे मला वाटले नव्हते. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचे आणि डब्यावर कागद चिकटवायचा, हे काम माझे. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेलने सगळे धुवायचे. तारेच्या ब्रशाने गंज खरवडला, तर ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यातून गोठ्याची जमीन दिसू लागली. घामाने, डिझेलने माखलेली दोन माणसे रविवारी दुपारी जेवायला बसत, तेव्हा सौ. वर्तमानपत्र पसरून त्यावर पाट मांडी. पण ती विचारी मात्र, "आज काय काय निघालं?"

मोठे इंजिन आणायलाही आम्ही गेलो होतो. जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याने चांगले घसघशीत इंजिन दाखवले, आमच्याकडून विसार घेतला, आणि कागद मागितल्यावर तो पानाची पिंक टाकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. इंजिनावरचा नंबर कानशीने घासलेला होता. विसार गेला. शहाणपण तेवढ्यात स्वस्तच पडले, असे म्हणून आम्ही परतलो.

संक्रांतीनंतर छप्पर कापायचा दिवस ठरला. पुतण्याने खडूने गाडीवर रेघा मारल्या: छप्पर एवढे खाली, मागची दारे बंद, मधला खांब इतका मागे. आमची ही गाडी पूर्वी सांभाळणारे मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना नुसते बघायला म्हणून बोलावले. त्यांनी त्या पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवले आणि खिशातून काडेपेटी काढली.

"पोरा, तुझी ती अमेरिकेची जुनी फोर्ड म्हंजी बैलगाडी. खाली सांगाडा, त्येच्यावर खोकं. खोकं उचलून बाजूला ठिवलं तरी खालची गाडी चालंल. वर काप न्हाईतर जाळ, सांगाड्याला काय पत्त्या न्हाई. ही तसली न्हवं. ही अंडं हाय. हिचं टरफलच हिचं हाड."

मग त्यांनी काडेपेटीतली काड्यांची पेटी बाहेर काढली, वरचे टोपण बोटांनी दाबून दाखवले. ते टिकले. मग ब्लेडने टोपणाची एक कड कापली आणि परत दाबले. टोपण तिरपे होऊन चपटे झाले.

"खांब कापलास की दारं लागायची न्हाईत. आन मोठं इंजिन घातलंस तर थांबवायला बिरेक कुठला? चारी चाकांना जुनं ड्रमच की."

एवढे बोलून त्यांनी चहा घेतला आणि ते निघून गेले. माझ्या वाचनात आलेल्या कोणत्याही पुस्तकाने मला मोटार इतकी चांगली समजावून दिलेली नाही.

पुतण्या मात्र हटला नाही. आतून पट्ट्या जोडू, नळ्यांचा पिंजरा बसवू, असे तो म्हणू लागला. "काका, आपल्याच भागात लोकांनी केलं ना?" आणि तेही खरे होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी, कॉलेजचे तोंड न पाहता, १९४९ साली स्वतःची छोटी मोटार तयार केली. पुढे पंचवीसेक वर्षे ते तिचे नवे नवे नमुने करीत राहिले. 'मीरा' तिचे नाव. मध्यमवर्गीयाला बारा हजारांच्या आसपास मिळेल अशी गाडी देण्याचे त्यांचे स्वप्न होते. गाडी रस्त्यावर धावली, कारखाना मात्र उभा राहिला नाही. आणि परवाचेच उदाहरण हवे तर यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे घ्या. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या सुट्या भागांची, दुचाकीच्या इंजिनाची, किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप बनवली. खर्च साठेक हजार. २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, तर तिच्या बदल्यात आमची बोलेरो घ्या, असे सुचवले. २०२२च्या जानेवारीत लोहारांच्या दारी बोलेरो आली आणि त्यांची जीप कंपनीकडे गेली.

पुतण्याने ही गोष्ट सांगितली ती कौतुकाने. मी वकिलाचा मुलगा, माझ्या कानात 'नियमांत बसत नाही' हे शब्द अडकले. मी वडिलांच्या टेबलाशी बसून कायदा वाचला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकात कारखान्याने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत बदल मालकाने गाडीत करू नये. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. आणि गंमत पाहा: २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, रोजच्या वापराला गाडी काढायची नाही, प्रदर्शनाला किंवा मेळाव्याला न्यायची. अट एकच मोठी: सांगाडा, बॉडी आणि इंजिन मुळातले हवे. आमची फियाट २०१६ सालीच पन्नाशीची झालेली. म्हणजे खडूची ती रेघ कापेपर्यंत ती मानाची म्हातारी. कापली की रस्त्यावर फिरकायला बंदी असलेले भंगार.

हे सगळे मी त्या रात्री गोठ्यात सांगितले. बल्ब लावलेला होता, ग्राइंडर त्याच्या हातात होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, लहानपणापासून ऐकतोय, आजोबांची गाडी. मग बाबांची गाडी. हात लावू नकोस, ओरखडा काढू नकोस. बाबा गेले तरी ती तशीच. यात माझं काय आहे?"

वाचकहो, या प्रश्नाला कोणत्याच कलमात उत्तर नव्हते. वडिलांनी मला त्या गाडीचे चाक कधी हाती दिले नाही, ते भावाला दिले. म्हणून तर माझे यंत्रांशी वैर. हे मी साठ वर्षांत कुणाला सांगितले नव्हते, ते त्या रात्री पुतण्याला सांगितले. तो हसला. ग्राइंडर त्याने खाली ठेवला, पण "बरं" म्हटले नाही.

तोड काढली ती सौ.ने, दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना. "त्या मिस्त्रींनी सांगितलंच की, खाली सांगाडा असला की वर काहीही करता येतं. मग सांगाडाच कर ना तू. तुझा. मामंजींची गाडी ती मामंजींची, तुझी ती तुझी."

तेव्हापासून आमच्या गोठ्यात दोन मोटारी आहेत. एका बाजूला फियाट. तिच्या पायाखालचा पत्रा जोडून झाला, इंजिन होते तेच परत बसले, ब्रेक नवे भरले. दुसऱ्या बाजूला पुतण्याची कुपे: लोखंडी चॅनेलचा सांगाडा, जुन्या दुचाकीचे कागदासह विकत घेतलेले इंजिन, रिक्षाची चाके. तो सांगाडा त्याने तीनदा जोडला. पहिल्यांदा जमिनीला समांतर आला नाही, दुसऱ्यांदा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकला. तिसऱ्या वेळी मिस्त्री काठी टेकत आले, कर्णांवर दोरी ताणून दोन्ही मापे सारखी आल्याची त्यांनी खात्री केली आणि मगच टाका घालू दिला. ही गाडी सडकेवर जाणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. आमच्या उसाच्या रानात अर्ध्या फर्लांगाची गाडीवाट आहे, तेवढेच तिचे कॅलिफोर्निया.

यंदा वसुबारशीला, गाय नसली तरी सौ.ने गोठा सारवला. फियाटच्या बॉनेटला हळदकुंकू वाहिले. पुतण्याने किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटले, "अरे, मला कुठं येतं?" तो म्हणाला, "किल्ली फिरवायला येते ना?" दोनदा खाकरून तिसऱ्यांदा इंजिन धरले, आणि डिकीतून कोंबडी ओरडत बाहेर पडली.

मग सौ. दुसऱ्या सांगाड्याकडे वळली आणि त्यालाही तिने कुंकू लावले. "हिचं छप्पर केवढं कापणार आहेस?" तिने विचारले.

पुतण्या म्हणाला, "काकू, आधी बसवू तर द्या."