पोरखेळ म्हणू नका!

'पोराला काय कळतंय? थेरपी त्याच्या भल्यासाठीच आहे.' हे वाक्य मी कित्येकदा ऐकले आहे आणि खोटे कशाला सांगू, स्वतःही बोललो आहे. आज त्याच वाक्याविरुद्ध लिहावयास बसलो आहे.

माझ्या नातीचे पाय जन्मापासून ताठर. निपाणीत सोय मिळेना म्हणून सूनबाई तिला कडेवर घेऊन आठवड्यातून दोनदा बसने परगावी व्यायामाला नेई. पोर निघतानाच रडे. पाय ताणल्याने दुखत असेल, असे आम्ही समजत होतो. औषध कडूच असायचे, म्हणून सोडून दिले.

एके दिवशी सोप्यात तिची भातुकली चालली होती. 'ओंदु, एरडु' मोजत तिने बाहुलीचे पाय ताणले. मग दरडावली, 'सुम्निरु! रडलीस तर आईला बाहेर काढीन.' आणि बाहुलीची आई, म्हणजे एक लाकडी पळी, उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली.

मी चरकलो. पोर दुखण्यापेक्षा बंद दाराला भीत होती. आमच्या घरात कानडी नाही. त्या भाषेतून तिने उचलले ते 'गप्प बस' एवढेच. दोष कानडीचा नव्हे. गल्लीत दोन्ही भाषांची पोरे एकत्रच खेळतात. दोष आहे तो लेकराशी न बोलता त्याचे हातपाय वळवण्याच्या खाक्याचा, आणि तो मराठीतही तितकाच चालतो.

सूनबाईने विनंती केली. आई जवळ बसू लागली, 'पाय उचल' मराठीतून होऊ लागले. रडणे अगदी थांबले नाही. पण निघतानाचे थांबले.

कोणी विचारील, खेळावरून निदान करता काय? मुळीच नाही. मूल रचूनही सांगते, म्हणून उलटतपासणी नको. बाहुली हाताशी ठेवा, डॉक्टर कोण ते त्यालाच ठरवू द्या, आणि गप्प बसून पाहा. एकच प्रसंग पुनःपुन्हा आला, तर उपचारात एक गोष्ट बदलून पाहा.

हे आजचे खूळ नाही. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली खेळोपचारावर ग्रंथ लिहिला. मुलाने पुढे चालावे, मोठ्याने मागून जावे, हा त्याचा गाभा. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी आदिवासी पाड्यांवर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४ थे कलमही सांगते की, दिव्यांग मुलाला स्वतःविषयीच्या सर्व बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व अपंगत्व पाहून त्याला तशी मदत मिळाली पाहिजे. ज्याला वाक्य जुळवता येत नाही, त्याला भातुकलीहून दुसरी मदत कोणती?

आपल्याला न विचारता आपले ठरवले, हे आम्हा सीमावासीयांचे १९५६ पासूनचे गाऱ्हाणे. मग घरातल्या सर्वांत लहान माणसाला न विचारता आपण त्याचे ठरवतो, ते कोणत्या तोंडाने?