दिशा आधी की चेंडू आधी?



बिझनेस ट्रेनिंगमध्ये ‘झुंड’ची क्लिप दाखवायची एक फॅशन झालीय. झोपडपट्टीतली पोरं कॉलेजच्या टीमला हरवतात, अजय-अतुलचं संगीत वाजतं, हॉलमध्ये टाळ्या पडतात आणि ट्रेनर म्हणतो, “बघा, मनात जिद्द पाहिजे!” मला हे पटत नाही. त्या पिक्चरमध्ये जिद्द फार उशिरा येते. आधी येतो चेंडू.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा ४ मार्च २०२२ ला आला. मूळ गोष्ट नागपूरची आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. सिनेमात त्यांचं नाव विजय बोराडे आहे आणि ते काम अमिताभ बच्चन यांनी केलंय. समोर डॉन आणि त्याची गँग. चोऱ्या, नशा, मारामारी, दिवसभर दुसरं काम नाही.

आता बोराडे सर काय करतात ते नीट बघा. ते भाषण देत नाहीत. “तुझं स्वप्न काय?” असं विचारत नाहीत. अर्धा तास फुटबॉल खेळा, पाचशे रुपये देतो, एवढंच म्हणतात. पोरं पैशासाठी येतात. काही दिवसांनी सर सांगतात, आज पैसे नाहीत. तरी पोरं चेंडू मागतात. माझ्या मते सगळा पिक्चर या एका जागी वळतो. ठरलेली वेळ, ठरलेलं ठिकाण, हातात एक वस्तू आणि रोज येणारा एक माणूस. दिशा त्यातून तयार झाली.

आपल्याकडची पोरं उलटं करतात. “सर, कोणता धंदा करू ते एकदा फिक्स होऊ द्या, मग बघा कसा पळतो.” दोन-दोन वर्षं फिक्स होत नाही. अरे बाबा, कट्ट्यावर बसून ते होणारच नाही. तामलवाडीवरून सोलापूर-तुळजापूर रस्ता जातो. अश्विनी पौर्णिमेला याच रस्त्याने पायी चालणाऱ्या भाविकांची रीघ लागते. चार दिवस चहाचं टेबल टाका. माल किती आणला, किती विकला, किती उरला, हे रोज रात्री वहीत लिहा. धंदा आवडतो की नाही ते चौथ्या दिवशी कळेल. नाही आवडला तर निदान हिशोब लिहायची सवय लागली, ती पुढच्या धंद्यात कामाला येते.

हे मी एवढं पोटतिडकीने का सांगतोय? कारण रिकाम्या पोराला वेळ, ठिकाण आणि सोबत देणारा बोराडे सर एकटाच नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडीजवळच पोलिसांनी ड्रग्ज पकडले आणि आपल्या तुळजापूरचं नाव राज्यभर नको त्या कारणाने गाजलं. नशेचा धंदा करणारासुद्धा तेच देतो: बसायला जागा, चार मित्र, आणि पहिल्यांदा फुकट. त्याची ऑफर आपल्याआधी पोचली तर आपल्या मोटिव्हेशनचा काय उपयोग?

क्लिपमध्ये न येणारी दुसरी गोष्ट म्हणजे कागद. पिक्चरच्या शेवटच्या भागात पोरं खेळायला तयार आहेत, पण परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा. रिंकू राजगुरूने केलेल्या मोनिकाचा बाप नुसत्या ओळखीच्या पुराव्यासाठी वणवण फिरतो. डॉनला त्याची जुनी पोलीस केस आडवी येते. धंद्यातही हेच. ग्राहक समोर असतो आणि आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं, म्हणून बँकेत फाईल अडकते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, तरी लोक एजंटला पैसे देऊन मोकळे होतात. मुद्राच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं. चहा, पंक्चर, शिलाई यांची सुरुवात त्यात होते. म्हणून चहाच्या टेबलासोबतच कागदांची एक फाईल लावायला घ्या. आणि कुणाच्या नादाने भांडणात पडण्याआधी डॉनचा चेहरा आठवा.

कुणी म्हणेल, सर, बोराडे पगारदार माणूस होता, आम्हाला पाचशे रुपये कोण देणार? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आम्ही दुकानदारांनी द्यायचं आहे. प्रत्येकाने एक पोरगं रोज दोन तास दुकानात घ्यावं. फुकट राबवू नये, ठरलेले पैसे द्यावेत. फक्त झाडू आणि पोती उचलणं नको. खरेदीचं बिल वाचायला, उधारी मागायला शिकवावं. गल्ल्याजवळ उभा राहिला की संशयाने बघायचं नाही. पोरांनीही पहिल्या आठवड्यात “यात माझं फ्युचर काय?” हा प्रश्न खिशात ठेवावा.

सिनेमाबद्दल माझी एकच तक्रार आहे. तो विमानतळापर्यंत जातो आणि संपतो. परत आल्यावर पोरं पोट कशावर भरणार, हे सांगत नाही. ते सांगायचं काम सिनेमाचं नसेलही. आपलं मात्र आहे.

तेव्हा या आठवड्याचा होमवर्क: एक ठिकाण, रोजची एक वेळ आणि एक वही. पुढच्या व्हिडिओत उद्यमचा फॉर्म स्क्रीनवर भरून दाखवतो. आधार आणि पॅन जवळ घेऊन बसा, आणि दोन्हीवरचं नाव आजच जुळवून बघा.