चालणारी काडी आणि खोटी चिठ्ठी

दोस्तांनो, तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडचे असाल, किंवा पावसाळ्यात तिकडे कुणाकडे पाहुणे म्हणून जाणार असाल, तर एक गंमत करून बघा. रात्री जेवणं आटोपली की बाबांना नाहीतर काकांना बरोबर घ्या, टॉर्च घ्या आणि घराच्या कुंपणावरच्या झुडपांवर उजेड पाडा. (कुंपणाच्या बाहेर मात्र जायचं नाही बरं का! तिथे साप-विंचू असतात, आणि वाघोबा तर त्या मुलखाचे मालकच!) आधी पानं दिसतील, मग काड्या दिसतील. आणि नशीब चांगलं असेल तर त्यातलीच एक काडी हळूच पाय पुढे टाकील.

घाबरू नका. हा काडीकिडा. चावत नाही, डसत नाही, पानं खातो आणि गप्प बसतो. दिवसभर तर तो हलतही नाही. पुढचे दोन पाय डोक्याच्या पुढे सरळ ताणून असा पडतो, की डोकं कुठे आणि पाय कुठे तेच कळू नये. वारा आला की काड्यांबरोबर हाही डुलतो. इतकं बेमालूम सोंग घेणारा बहुरूपी दुसरा नसेल! जगात याच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. चीनमध्ये सापडलेली एक जात पाय ताणून मोजली तर साठ सेंटिमीटरच्याही वर जाते. म्हणजे तुमच्या दप्तरातल्या फुटपट्टीच्या दुप्पट!

आता एक सावधगिरी. काडीसारखा दिसतो तो प्रत्येक किडा काडीकिडा नसतो. गवतात राहणारा एक प्रार्थना-कीटक असाच सडपातळ असतो. तेव्हा पुढचे पाय बघा. ते दुमडलेले आणि आतून काटेरी असतील, तर तो शिकारी प्रार्थना-कीटक. साधे, सरळ असतील तर आपला शाकाहारी काडीकिडा.

समजा, तुम्हाला एक मिळाला. तुम्ही फोटो काढला, जाणकारांकडे पाठवला, आणि उत्तर आलं, ‘अरे वा! ही जात या जिल्ह्यातून आजवर कुणी नोंदवलेली नाही.’ झालं! तुम्ही उड्या माराल. मारायलाच हव्यात. पण उड्या मारून झाल्या की एक प्रश्न उरतो. हा किडा इथे नवा आलाय, की इथलाच आहे आणि आपणच नवे बघणारे आहोत?

वाटतो तितका सोपा नाही हा प्रश्न. आपल्या आजी-आजोबांना विचारा, ते चंद्रपूरला ‘चांदा’ म्हणत असतील. आणि गडचिरोली नावाचा जिल्हा 1982 च्या ऑगस्टपर्यंत नव्हताच! तोवर तो सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. आता एखाद्या जुन्या संग्रहात किड्याला टाचणी लावून त्याखाली चिठ्ठी अडकवलेली असेल आणि तिच्यावर नुसतं ‘चांदा’ लिहिलं असेल, तर तो कुठला समजायचा? ताडोबाच्या तळ्याकाठचा, की पार दक्षिणेला सिरोंचाजवळच्या प्राणहिता नदीकाठचा? चिठ्ठी काही बोलत नाही. आणि आज कुणी ‘गडचिरोलीत प्रथमच’ म्हणाला, तर निम्मी गंमत सरकारी नकाशाचीही असू शकते. किड्याला कुठे माहीत की आपला जिल्हा बदलला!

चिठ्ठीचं महत्त्व पटत नसेल तर आपल्याच महाराष्ट्रातली एक खरीखुरी गोष्ट सांगतो. ती किड्याची नाही, रानपिंगळ्याची आहे. घुबडाच्या कुळातला हा छोटा पक्षी ह्यूम नावाच्या पक्षितज्ज्ञाने 1873 मध्ये पहिल्यांदा जगाला सांगितला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याचे जेमतेम सात नमुने मिळाले. शेवटचे खानदेशातले, 1884 चे, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने जमवलेले. आणि मग पक्षी गायबच!

फक्त एक अपवाद होता. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 1914, मांडवी, गुजरात. सगळ्यात ताजा पुरावा तोच! साहजिकच लोक त्यावर विसंबून शोधत राहिले. सापडेना.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. कापूस कसा भरलाय, शिवण कशी उसवून पुन्हा घातलीय, सगळं पाहिलं. आणि काय निघालं, माहितीये? तो डेव्हिडसनचाच पक्षी होता! लंडनच्या संग्रहालयातून पळवलेला, नव्याने शिवलेला आणि वर खोटी चिठ्ठी चिकटवलेला. मग रासमुसेनबाईंनी मांडवीचा नाद सोडला आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांचा माग काढला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या दोन साथीदारांना भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! (शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. पुढच्याच वर्षी नंदुरबार जिल्हा झाला. पुन्हा तेच!) नंतर मेळघाटातही तो सापडला. माझं तर स्पष्ट मत आहे, की चोरीपेक्षा ती खोटी चिठ्ठी जास्त वाईट होती. चोरीत एकच पक्षी गेला, चिठ्ठीने कितीतरी जणांना भलत्या वाटेला लावलं.

बरं, आपल्या काडीकिड्याकडे वळू. तो खरोखरच दुसरीकडून आला असेल तर आला कसा? पुष्कळ जातींना पंखच नसतात आणि चाल तर गोगलगायीला लाजवणारी. पण त्याची अंडी प्रवास करतात. ती दिसायला अगदी बियांसारखी, कडक सालीची. जपानी शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये बुलबुलाच्या एका जातीला ती खाऊ घातली, तर काही अंडी विष्ठेतून शाबूत बाहेर पडली आणि त्यातल्या दोन-चारांतून पिल्लंसुद्धा निघाली! शिवाय बऱ्याच जातींत नराची गरजच नसते. एकटी मादी अंडी घालते, त्यांतून माद्याच होतात. म्हणजे एक अंडं पोचलं तरी वसाहत उभी! न्यूझीलंडचे काडीकिडे रोपांबरोबर असेच इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पोचले आणि शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे नांदताहेत. तेव्हा झुडूप रानातलं होतं की नर्सरीतून आणलेलं, हेही लिहायला हवं.

लिहायची घाई का, तेही सांगतो. काडीकिड्याच्या पुष्कळ जाती अंडी सरळ खाली टाकून देतात. ती महिनोन् महिने पाचोळ्यात पडून राहतात. आणि उन्हाळा आला की त्याच पाचोळ्याला आगी लागतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून. वेचणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधून मोहफुलं गोळा करतात, मग जाळायची गरजच उरत नाही. पण जिथे जळतं तिथे अंडीही जळत असणार. पक्षी उडून जाईल, काडीकिडा कुठे जाणार? एखाद्या ओढ्याकाठी एखादी जात असेल आणि कुणी नोंदवलीच नसेल, तर ती संपली हेदेखील कुणाला कळायचं नाही.

म्हणून तुमचा काडीकिडा दिसला की त्याला पकडू नका, डबीत तर मुळीच घालू नका. अभयारण्यातून एक किडाही उचलायची परवानगी नसते. शेजारी पट्टी धरा आणि वरून, बाजूने, डोक्याचा, शेपटीकडचा असे फोटो काढा. मग वहीत लिहा : तारीख, वेळ, गाव, जवळचा ओढा किंवा तळं, कोणतं झाड, पान खात होता की नुसता बसला होता, पाऊस होता की उघडीप. झाडाचं नाव माहीत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि ते गोंडीत किंवा माडियात सांगतील तर तसंच लिहा. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना वही दाखवा. पुण्याला भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे सरांमार्फत पत्र पाठवता येईल.

आणि हो, जिल्ह्याचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलंत तरी चालेल.